टिंबाचे मोल : पाली अक्षरे, संगणक आणि आपले छापील धम्मसाहित्य

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. वर्षावासात आपण पंचशील, अष्टांगिक मार्ग, प्रतीत्यसमुत्पाद अशा विषयांवर ऐकत असतो. तेथे संगणकातील अक्षरे, टिंबे आणि रेघा यांचे काय काम, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु आपली संस्था स्मरणिका काढते, वंदनेची पुस्तिका छापते, पाली वर्गाच्या विद्यार्थ्यांना टिपणे देते. हे सर्व आता संगणकावर जुळवले जाते. धम्माचा मजकूर ज्या अक्षरांतून पुढच्या पिढीकडे जातो ती अक्षरे शाबूत जातात की नाही, हे पाहणे हेही धम्मकार्यच आहे, असे माझे नम्र मत आहे.

पहिल्या शीलापासूनच सुरुवात करू. त्याचा पहिला शब्द ‘पाणातिपाता’. पाण म्हणजे प्राण, जिवंत जीव. अतिपात म्हणजे घात. यातील ‘ण’ रोमन लिपीत लिहायचा असेल तर ‘एन’ या अक्षराखाली टिंब द्यावे लागते. ते टिंब गळाले की ‘पाण’चे ‘पान’ होते, आणि पालीत पान म्हणजे पेय. जीवहत्येपासून दूर राहण्याचे शील पेयाविषयीचे होऊन बसते! दुसरा शब्द घ्या. पालीत ‘सील’ म्हणजे शील, सदाचरण, आणि ‘सिला’ म्हणजे शिळा, दगड. रोमन लिपीत एका शब्दात ‘आय’वर आडवी रेघ असते, दुसऱ्यात शेवटच्या ‘ए’वर. दोन्ही रेघा काढून टाका, म्हणजे शील आणि शिळा अगदी एकसारखे दिसू लागतात. ‘मल’ म्हणजे मळ आणि ‘माला’ म्हणजे फुलांची माळ. ‘वन’ म्हणजे अरण्य आणि ‘वण’ म्हणजे जखम. या जोड्यांतील फरक फक्त रेघेचा आणि टिंबाचा आहे.

कोणी म्हणेल, आपण देवनागरीत वाचतो, आपल्याला रोमन लिपीशी काय कर्तव्य? हे अर्धेच खरे आहे. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, म्यानमारमध्ये बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत, कंबोडियात ख्मेर लिपीत. १८८१ मध्ये टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी लंडन येथे पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि तिपिटकाचे ग्रंथ रोमन लिपीत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जगभरच्या विद्यापीठांत आजही पालीचे संदर्भ बहुधा त्याच आवृत्त्यांवरून दिले जातात. देवनागरीत संपूर्ण तिपिटक आणण्याचे मोठे काम भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथे झाले. ४१ खंडांची ती माला १९५६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे ज्या वर्षी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्याच वर्षापासून. खुद्द बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर किती परिश्रम घेतले होते, हे महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडातून दिसते. आपला जो विद्यार्थी पुढे पालीत एम.ए. करील, संशोधन करील, त्याला देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपी हाताळाव्याच लागतील.

रोमन लिपीत पाली लिहिण्यासाठी नेहमीच्या इंग्रजी अक्षरांखेरीज दहा चिन्हांकित अक्षरे लागतात. ‘ए’, ‘आय’ आणि ‘यू’ यांवर आडवी रेघ दिली की आ, ई, ऊ हे तीन दीर्घ स्वर होतात. ‘एन’वर टिंब दिले की ङ, ‘एन’वर नागमोडी रेघ दिली की ञ, ‘एन’खाली टिंब दिले की ण. ‘टी’, ‘डी’ आणि ‘एल’ यांखाली टिंब दिले की ट, ड आणि ळ. शेवटचे निग्गहीत, म्हणजे आपला अनुस्वार; त्यासाठी ‘एम’खाली, काही आवृत्त्यांत ‘एम’वर, टिंब देतात. विद्यार्थी मित्रांनी ही दहा अक्षरे पाठच करून ठेवावीत. आजचे सारे विवेचन या दहा अक्षरांभोवती आणि आपल्या देवनागरीभोवती फिरणार आहे.

आता ही अक्षरे यंत्रात कशी जातात ते पाहू. आपल्यातील ज्येष्ठांनी जुने छापखाने पाहिले आहेत. शिशाचे खिळे लाकडी पेटीत ठेवलेले असत. पेटीला घरे असत. अमुक घरात ‘क’, तमुक घरात ‘म’. जुळारी घराकडे न पाहता हात नेई आणि खिळा उचली, कारण कोणत्या घरात काय आहे हे त्याला पाठ असे. संगणकाचेही तसेच आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त घराचा क्रमांक कळतो. मजकूर साठवणे म्हणजे क्रमांकांची एक लांब रांग साठवणे. त्या क्रमांकाच्या घरातून कोणता खिळा काढून पडद्यावर किंवा कागदावर उमटवायचा, हे काम फॉन्ट करतो.

अमेरिकेत १९६३ मध्ये ठरलेल्या ‘अस्की’ नावाच्या तक्त्यात अवघी १२८ घरे होती. त्यांपैकी छापता येण्याजोगी चिन्हे, रिकाम्या जागेसह, ९५. इंग्रजीपुरती ती पेटी पुरेशी होती. पुढे घरे २५६ झाली आणि १९८७ मध्ये पश्चिम युरोपच्या भाषांसाठी एक आंतरराष्ट्रीय तक्ता ठरला. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश भाषांची चिन्हांकित अक्षरे तीत बसली. आपल्या दहा अक्षरांपैकी तीत किती बसली असतील? फक्त एक, ‘एन’वरील नागमोडी रेघ, आणि तीही स्पॅनिश भाषेला लागते म्हणून. उरलेल्या नऊ अक्षरांना त्या पेटीत घरच नव्हते.

ज्याला घर नाही त्याने काय करायचे? हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. घर नसलेल्या अक्षरांसाठी त्या काळी दोन वाटा निघाल्या. त्या दोहोंतील फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा मुद्दा तेथेच आहे.

पहिली वाट प्रामाणिक होती. डोनाल्ड नूथ या अमेरिकन गणितज्ञाने पुस्तकांच्या अक्षरजुळणीसाठी १९७८ मध्ये ‘टेक’ नावाची प्रणाली आणली. तिच्यात ‘ए’वर आडवी रेघ हवी असेल तर उलटी तिरकी रेघ, मग बरोबरीचे चिन्ह, मग ‘ए’ असे लिहायचे. अक्षराखाली टिंब हवे असेल तर उलटी तिरकी रेघ आणि ‘डी’ लिहून पुढे ते अक्षर लिहायचे. टंकलेखन थोडे किचकट होते, परंतु लिहिलेले सर्व काही साध्या ९५ चिन्हांत असे. कोणते चिन्ह हवे ते स्पष्ट शब्दांत सांगितलेले असे. त्याच धर्तीवर नेदरलँड्सचे फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकमध्ये देवनागरी छापण्याची सोय केली. त्यांच्या पद्धतीत ‘आ’साठी ‘ए’ दोनदा लिहायचा आणि ‘ण’साठी ‘एन’च्या आधी टिंब द्यायचे. पालीच्या अभ्यासकांनी हीच पद्धत पुष्कळ वापरली. अशा रीतीने लिहिलेली तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची फाइल आज कोणत्याही संगणकावर उघडा, ती वाचता येते.

या वाटेवर अडचणी नव्हत्या असे नाही. टेकमध्ये रेघ आणि अक्षर हे दोन वेगळे खिळे एकावर एक ठेवून चिन्हांकित अक्षर तयार होई. अशा जोडीव अक्षराच्या पुढे ओळीच्या शेवटी शब्द तोडणे त्या प्रणालीला जमत नसे. पालीतले समास तर आगगाडीसारखे लांब. ते समासाची सीमा ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत धावत. १९९० मध्ये टेक वापरणाऱ्यांनी आयर्लंडमधील कॉर्क येथे २५६ घरांची नवी पेटी ठरवली. युरोपातील बहुतेक भाषांची सोय तीत झाली, पण आपल्या ‘आ’, ‘ट’, ‘ण’ यांना तेथेही घर मिळाले नाही. तरीसुद्धा मूळ लेखन शाबूत राहिले, हे महत्त्वाचे.

दुसरी वाट सोयीची होती, पण फसवी होती. तीत पेटी तीच ठेवली, घरांचे क्रमांक तेच ठेवले, फक्त घरातले खिळे बदलले. समजा, क्रमांक इंग्रजी ‘डी’चा, पण फॉन्ट बनवणाऱ्याने त्या घरात ‘क’ ठेवला. टंकलेखकाने ‘डी’ची कळ दाबली की पडद्यावर ‘क’ दिसतो. कागदावरही ‘क’ छापला जातो. सगळे खूश! परंतु संगणकाच्या लेखी तेथे ‘क’ नाहीच, तेथे इंग्रजी ‘डी’च आहे. तो विशिष्ट फॉन्ट असेपर्यंत सोंग टिकते. दुसऱ्या संगणकावर फाइल नेली, तेथे तो फॉन्ट नसला, की सुंदर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. प्रत्येक फॉन्टकाराने आपापल्या सोयीने खिळे मांडले. एकाच्या घरात ‘क’, तर दुसऱ्याच्या त्याच घरात ‘भ’. रोमन पालीसाठीही असेच फॉन्ट निघाले.

यासाठी त्या काळच्या डीटीपी चालकांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे सोपा पर्याय नव्हता. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरले होते. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी मोठे काम केले. तरी बाजारातील पुस्तकजुळणीची बहुतेक साधने बदललेल्या खिळ्यांवरच चालत. विंडोजमध्ये देवनागरीची खरी सोय विंडोज २००० पासून झाली. त्यापूर्वीच्या काळात आपल्या बांधवांनी रात्री जागून स्मरणिका छापल्या, त्या कागदावर उत्तम उतरल्या. आज अडचण आहे ती त्यांच्या फाइलींची.

येथे मला इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथून सम्राट अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणवले. स्तंभ भक्कम होते, त्यांवरील अक्षरे स्पष्ट होती, दगडाला काही झाले नव्हते. परंतु तेव्हाच्या विद्वानांना तो लेख वाचता आला नाही. अक्षर शाबूत होते, पण कोणते चिन्ह म्हणजे कोणता ध्वनी, हा तक्ता हरवला होता. ज्या राजाने प्रजेला धम्म कळावा म्हणून गावोगावी लेख कोरवले, त्याचे शब्द सर्वांच्या डोळ्यांसमोर असून शेकडो वर्षे मुके राहिले. फॉन्ट हरवलेल्या फाइलीची नेमकी हीच स्थिती असते.

तो तक्ता पुन्हा सापडला १८३७ मध्ये. जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे पाहत होते. त्यांच्या ध्यानात आले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात आणि शेवटच्या अक्षराशेजारी टिंब असते. स्तूपाच्या कठड्यावर प्रत्येकाने वेगवेगळे काय कोरावे? आपले नाव आणि आपले दान. तो शब्द ‘दानं’ होता. ‘द’ सापडला, ‘न’ सापडला, अनुस्वार सापडला, आणि त्यावरून ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. ही किल्ली दिली ती साध्या दानकर्त्यांच्या लहानशा लेखांनी, आणि त्यातले एक टिंबही कामास आले! आपल्या कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांतही अशाच दानकर्त्यांची नावे आहेत. कार्ल्याच्या लेण्यात सुताराचे नाव आहे, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. दोन हजार वर्षांनी आपण त्यांना नावाने ओळखतो.

आता आपल्या स्मरणिकांच्या शेवटच्या पानांकडे पाहा. तेथेही दानदात्यांची यादी असते. कोणी शंभर रुपये दिलेले असतात, कोणी सिमेंटची पोती दिलेली असतात, कोणी विहारासाठी सतरंजी दिलेली असते. त्याच पानांत गावातल्या पहिल्या मॅट्रिक झालेल्या मुलीचा लेख असतो, जुन्या कार्यकर्त्याच्या आठवणी असतात. आपल्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहून ठेवला नाही. म्हणून तर बाबासाहेबांना १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढावे लागले, पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ चालवावे लागले. आपला इतिहास जर आपल्याच कपाटातल्या, कोणालाही न उघडणाऱ्या फाइलींत मुका पडून राहिला, तर त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

यावर उपाय निघालेला आहे, आणि तो आता सर्वांच्या हातात आहे. त्याचे नाव युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. कल्पना अगदी साधी आहे. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला त्याचे स्वतःचे, कायमचे घर द्यायचे. एका घरात दोघे नाहीत आणि कोणाला हुसकावणे नाही. या पेटीत ११ लाख १४ हजार ११२ घरांची सोय आहे. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतची घरे मिळाली आहेत. त्यांत ‘ण’चे घर २३३९ आणि ‘न’चे २३४४. इंग्रजी ‘एन’चे घर ११०, तर टिंब असलेल्या ‘एन’चे ७७५१. रेघ असलेल्या ‘ए’चे घर २५७. म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतच्या जुन्या पेटीत त्याला जागा का नव्हती, ते लगेच कळते. ‘पाण’ आणि ‘पान’ यांतील फरक आता केवळ दिसण्याचा उरला नाही, तो संगणकाच्या लेखीही फरक झाला. २०१० मध्ये तर अशोकाच्या ब्राह्मी लिपीलाही युनिकोडमध्ये घरे मिळाली.

हे क्रमांक फाइलीत साठवण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तीत इंग्रजी अक्षराला एक खण लागतो, देवनागरी अक्षराला तीन. टेकच्या कुळातही पुढे सुधारणा झाली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ आणले; त्यात देवनागरी किंवा चिन्हांकित रोमन अक्षरे जशीच्या तशी टंकित करता येतात. टेकवर आधारलेल्या ‘लॅटेक’ने २०१८ पासून फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे असेच गृहीत धरले आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा अवश्य लाभ घ्यावा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. मजकूर बिघडलेला दिसला की आपण घाबरतो, पण आधी रोगाची लक्षणे ओळखावीत. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर सुखरूप आहे. फॉन्टमध्ये तो खिळा नाही, एवढेच. फॉन्ट बदला. जर मराठीच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर असलेला ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तेही मरण नव्हे. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि संगणक ती जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचतो आहे. काही न बदलता, साठवण्याची कळ न दाबता फाइल बंद करा आणि योग्य तक्ता निवडून पुन्हा उघडा. जर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसत असतील, तर मजकूर बदललेल्या खिळ्यांच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट शोधून काढावा आणि रूपांतर करावे. परंतु अक्षरागणिक प्रश्नचिन्हे उमटलेली असतील, तर मात्र बहुधा अक्षरे खरोखरच नष्ट झालेली असतात. मूळ प्रत शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवली जाते. ‘धर्म’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ‘म’नंतर येई, युनिकोडमध्ये ‘र’ हा ‘म’च्या आधीच असतो. म्हणून रूपांतरात वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. मराठीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ऱ्य पुष्कळदा ‘र्य’ होऊन ‘शेतकर्यांचे’ असा छापला जातो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र! अशा जागा नीट पाहाव्या लागतात.

पाली मजकुराबाबत एक निर्णय संस्थेने घ्यावा, अशी माझी सूचना आहे. वंदनेच्या पुस्तिकेत आपण ‘संघं’ लिहितो, इतर काही आवृत्त्यांत ‘सङ्घं’ असते. कोठे ‘पंच’ असते, कोठे ‘पञ्च’. दोन्ही रीती मान्य आहेत, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने शोधाल तर दुसऱ्या रीतीचे सापडणार नाही. तेव्हा एका पुस्तिकेत एकच रीत ठेवावी. रोमन अक्षरांतही असाच धोका आहे. रेघ असलेला ‘ए’ एकाच घरातून, एकसंध घेता येतो. किंवा साधा ‘ए’ आणि सुटी रेघ अशा दोन घरांतूनही जोडता येतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण शोधताना फसगत होते. लेखन एकाच रूपात आणून देणारी सोय आता संगणकात असते, ती वापरावी.

छापखान्यात फाइल देताना पाली मजकुरात लागणारी दहाही अक्षरे एका ओळीत टंकित करून नमुना छापून मागावा. एखादे अक्षर गळत असेल तर ते हजार प्रती निघण्याआधी कळेल. पुस्तकाची पीडीएफ हाती आली की तीतली एक ओळ उचलून दुसऱ्या कोऱ्या फाइलीत उतरवून पाहावी. ती नीट उतरली तर पीडीएफ खरी; कचरा उतरला तर ते केवळ चित्र समजावे. ही कसोटी केवळ हौसेची नाही. आपल्या समाजातील अंध विद्यार्थी संगणकाने मोठ्याने वाचून दाखवलेले ऐकून अभ्यास करतो. संगणक फॉन्ट पाहत नाही, तो घराचा क्रमांक वाचतो. आपण ‘क’चे सोंग घेतलेला ‘डी’ छापला असेल, तर त्याच्या कानी निरर्थक आवाज पडतात. डोळस माणसासाठी जे सोंग चालून जाते, ते त्याच्यासाठी बंद दार असते.

आणि प्रुफे वाचावीत ती दोघांनी मिळून. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नव्या प्रतीवर बोट ठेवावे. ही रीत आपल्याच परंपरेतली आहे. संगायन म्हणजे एकत्र पठण. तथागतांचे वचन शेकडो वर्षे भिक्षूंनी मुखोद्गत ठेवले. दीघनिकाय सांभाळणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय सांभाळणारे मज्झिमभाणक. एकाचे चुकले तर दहा जणांच्या कानाला खटकत असे. पुढे तो धम्म श्रीलंकेत ताडपत्रांवर उतरला. एकोणिसाव्या शतकात मंडाले येथे राजा मिंडॉनने तो ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवला. १९५४ ते १९५६ मध्ये रंगून येथे सहावे संगायन झाले. त्या संगायनातील पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात सीडीवर आणला, आणि आज तो युनिकोडमध्ये अनेक लिपींत वाचता येतो. कंठ, ताडपत्र, शिळा, कागद आणि आता क्रमांक; साधन प्रत्येक वेळी बदलले. टिकले ते अशामुळे की प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी अक्षर न् अक्षर तपासून पुढे दिले.

म्हणून माझी संस्थेला आणि विशेषतः विद्यार्थ्यांना विनंती आहे. कपाटातील सर्व जुन्या स्मरणिकांची आणि त्यांच्या फाइलींची यादी करा. ज्या फाइलीला जो फॉन्ट लागतो तो तिच्याबरोबरच जपून ठेवा. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोडीने वर्षभरात एकेक अंक युनिकोडमध्ये आणा आणि छापील अंकाशी ताडून पाहा. फाइल मिळाली नाही तर छापील अंकावरून पुन्हा टंकित करा. आरंभ शेवटच्या पानापासून करा, दानदात्यांच्या यादीपासून. सांचीच्या कठड्यावरील दानकर्त्यांना आपल्या लहानशा लेखाने पुढे अशोकाचा आवाज मोकळा होईल याची कल्पना नव्हती. आपल्या यादीतील एखाद्या आजीचे नाव पुढे कोणाला कशाची किल्ली देईल, हे आज कोणी सांगावे?

बाबासाहेबांनी आपल्या हाती अक्षर दिले. ते सोंगाने नव्हे, खऱ्या रूपात पुढच्या पिढीच्या हाती देणे, त्यातले एक टिंबही न गाळता देणे, एवढे आपल्या हातून घडावे. 

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!